पापडीच्या गाडीची डावी सीट

कोल्हापूर सोडलं तेव्हा आमच्या जुन्या फियाटच्या डिकीत कपड्यांची एकच पिशवी होती. बाकी सगळं माझं सामान: विजेरी, काठीला बांधलेला आरसा, रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि गाडीखाली अंथरायची विटकी सतरंजी. "लोक वसईला किल्ला बघायला जातात, समुद्र बघायला जातात," आमच्या सौ. फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपायला चाललाय."

त्यात खोटं काही नव्हतं. मी विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करतो. गाडी किती मोडली ते बघायचं आणि मालक किती खरं बोलतोय ते ओळखायचं. या धंद्यात इतकी वर्षं काढली की माणूस देवळातली घंटासुद्धा तडा गेलाय का बघायला वाजवतो.

गाडी माझी मुलगी गार्गी चालवत होती. ती शिरोलीच्या एका फाउंड्रीत इंजिनीअर आहे आणि रविवारी माळावरच्या शर्यतीत मैत्रिणीची गाडी पळवते. तिला आता स्वतःची हवी होती. आठवडाभर कामावर नेता येईल आणि सुट्टीत चेन्नईजवळच्या ट्रॅकवर उतरवता येईल अशी. दोन दारांची, बुटकी, टप मागं उतरत गेलेली. अशा गाडीला कूपे म्हणतात. त्या काळात ती आपल्याकडं नवी मिळणं कठीणच, म्हणून परदेशातून आलेली आणि कुणीतरी वापरलेली शोधावी लागे. गाड्यांच्या एका मासिकात तिला दोन जाहिराती सापडल्या. एक लाल, कळंबला. एक करडी, पापडीला. दोन्ही वसई भागातल्या. दोन अशा गाड्या एकाच तालुक्यात विकायला निघाव्यात याचाच मला पहिला संशय आला.

निघण्यापूर्वी आमचा करार झाला होता. दोन्ही गाड्या मी तपासणार. एक जरी चोख निघाली तर घ्यायची. दोन्हींत खोट निघाली तर या वर्षी ट्रॅकचं नाव काढायचं नाही.

"आणि तुम्ही मुद्दाम खोट काढलीत तर?" गार्गीनं सातारच्या अलीकडं विचारलं.

"मी कशाला मुद्दाम काढू?"

तिनं नुसतं आरशात बघितलं. आता लिहायला हरकत नाही, दोन्ही गाड्या खराब निघाव्यात असंच मला वाटत होतं. स्टीअरिंग सीटपर्यंत आत घुसलेल्या गाड्या मी रोज बघतो. सीटवर बसलेलं माणूस तेवढं मला बघावं लागत नाही, ते आधीच नेलेलं असतं. गार्गी शर्यतीला गेली की मी घरात पेपर उलटा धरून बसतो.

रात्र ठाण्याला मेहुण्याकडं काढली आणि रविवारी सकाळी घोडबंदरच्या रस्त्यानं खाडीचा पूल ओलांडला. हमरस्ता सोडून आत वळलो तर बराच वेळ नुसत्या इमारती. एकीचं प्लास्टर सुकतंय तोवर शेजारी दुसरीचे खांब उभे. नालासोपाऱ्यात एकाला कळंबचा रस्ता विचारला. "सीधा जा, मग लेफ्ट मार, कोणीपण सांगेल," तो म्हणाला. सरळ जाऊन डावीकडं वळलो आणि फिरून त्याच्याच समोर आलो. तो तिथंच उभा राहून हसत होता. त्यानं मुद्दाम चुकवलं, हे माझं मत आजही कायम आहे. गार्गीच्या मते मीच डावं-उजवं उलट ऐकलं.

पुढं मात्र इमारती संपल्या. सुरूची झाडं आली, वारा खारट लागला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसले. कळंबचा किनारा लांबलचक आणि सपाट आहे. ओहोटीची ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट दिसत होती, आणि तिच्यावर चाकांचे गोल गोल वळसे उमटलेले होते. ते वळसे मी ध्यानात ठेवले.

लाल गाडीचा मालक निखिल किनाऱ्यालगत सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी कॉटेजेस चालवायचा. तिशीचा, डोक्यावर चढवलेला गॉगल, तोंडात गोड बोलणं.

"अंकल, गाडी एकदम मख्खन आहे. फक्त वीकेंडला हायवेला काढतो, बाकी टाइम कव्हरखाली. मॅडमना चालवू द्या, पाच मिनिटात फिदा होतील."

गाडी नुकतीच धुतली होती. धुणं ठीक आहे, पण तिचं पोटसुद्धा ओलं होतं. विकायची गाडी लोक वरून धुतात. खालून कोण धुतो?

गार्गी निखिलला शेजारी बसवून रस्त्यावर एक फेरी मारून आली. उतरली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. लहानपणी आकाशपाळण्यातून उतरली की असेच व्हायचे. "बाबा, काय वळते! नुसतं मनात आणलं की वळते." मी सतरंजी अंथरली आणि खाली शिरलो. पोटाला ताजा काळा थर फासलेला होता. दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक लावलं तर ते घसरून माझ्या छातीवर पडलं. म्हणजे तिथं पत्रा उरलाच नव्हता, होती ती लांबी (गाडीचे खड्डे बुजवायचा लगदा). सीट मागं सरकवली तर रुळातून वाळू करकरली.

कुंपणापलीकडं एक बाई बोंबील उलटे करत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही गाडी जोरात पळते का हो?"

"पळते म्हंजे!" ती म्हणाली. "पान्यातून कशी फवारा उडवीत जाते, पावने टाळ्या मारतात. मागं एकदा वाळूत रुतली. भरतीचं पानी दारात शिरलं. मग ट्रॅक्टर आनला न् वढून काढली."

निखिलनं गॉगल खाली घेतला. "मावशी, तुम्ही तुमचे बोंबील बघा ना." मग मला म्हणाला, "अंकल, एकदाच झालंय ते. समुद्राजवळ गाडी असेल तर थोडंफार होणारच." यावर माझं काही म्हणणं नव्हतं. ताशी दीडशेच्या वेगात वळताना ती लांबी काय धरून ठेवणार होती, एवढंच माझ्या मनात आलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ आनंदही झाला. निम्मा करार मी जिंकला होता.

कळंबहून निघाल्यावर गार्गीनं बोंबलांचे मांडव मागं पडू दिले. मग म्हणाली, "गाडी घ्यायची नाही हे मलाही पटलं. पण बाबा, खोट सापडली की तुमचा चेहरा खुलतो." मी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघू लागलो.

पापडी म्हणजे वसई गावाशेजारचं जुनं खेडं. चर्चच्या बाजूनं आत शिरलो की रस्ता एकदम अरुंद होतो. दोन्हीकडं कौलारू घरं, प्रत्येक घरामागं वाडी (केळी, चिकू आणि भाज्यांची बाग), आणि वळणावर फुलं वाहिलेला खुरीस (क्रूस). दुपारची मंडळी जेवून लवंडलेली होती. आमच्या फियाटच्या आवाजानं दोन घरांचे पडदे हलले.

मालक इनास अंकल सत्तरीच्या पुढचे, पांढरा सदरा, आणि सावलीतसुद्धा काळा चष्मा. तो चष्मा मला आवडला नाही. त्यांच्या पत्नी मोनिका आंटी दारात आल्या आणि आधी गार्गीला हाताला धरून आत घेऊन गेल्या. जेवल्याशिवाय गाडी दाखवायची नाही, असं ठरलेलंच दिसलं. फुगे (गोल तळलेले, पावासारखे फुगलेले) आणि आंबटतिखट इंद्याल (मसाला वाटून केलेलं मटण) पुढं आलं. नंतर सुकेळी (वसईची वाळवलेली केळी). मी कोल्हापूरचा असून तिखटानं डोळे पुसले. पण सौदा करण्याआधी पाहुण्याला इतकं खाऊ घालणारा विक्रेता मी बघितला नव्हता. मधूनमधून ती दोघं आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, त्यामुळं सगळं माझ्याबद्दलच असावं असं वाटत होतं.

गाडी वाडीतल्या पत्र्याच्या छपराखाली होती. अंकलनी चादर ओढली आणि गार्गीच्या तोंडून आवाज निघाला. करड्या रंगावर एक ओरखडा नव्हता. लोहचुंबक सगळीकडं चिकटलं. पोट कोरडं, पत्रा मूळचा. आत मीटर बघितला तर गाडी जेमतेम मुंबईहून वसईला दोनचार वेळा गेली असेल इतकीच चाललेली.

"मीटर मागं फिरवलाय," मी गार्गीच्या कानात म्हणालो.

"पायडलचं रबर बघा," ती म्हणाली. मी बघितलं. नवंकोरं. स्टीअरिंगवर हाताची झिलई नाही. ड्रायव्हरच्या सीटवर तर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच. सगळं मीटरशी जुळत होतं, आणि इतकं जुळतं म्हणूनच मी पुन्हा आत वाकलो.

मग मला ती सीट दिसली. डावी, शेजाऱ्यानं बसायची. तिचं प्लास्टिक केव्हाच गेलं होतं, कापड विरलं होतं, मधोमध माणूस बसून बसून खळगा पडला होता. न चाललेल्या गाडीत शेजारची सीट एवढी कोण झिजवतं? क्षणात उलगडा झाला. परदेशी, म्हणजे आखाती गाडी. तिकडं स्टीअरिंग डावीकडं असतं. ही मुळात ड्रायव्हरची सीट! गाडी पोटभर चालवली, इकडं आणली, आणि कुणाकडून तरी स्टीअरिंग उजवीकडं बसवून घेतलं. तसलं काम ट्रॅकवर कधी दगा देईल सांगता येत नाही. माझा चेहरा खुलला असणार, कारण गार्गी माझ्याकडं बघत होती.

"अंकल," मी म्हणालो, "स्टीअरिंग कुठं बदलून घेतलंत?"

"काय बदललं?"

"आखातातली गाडी आहे ना ही?"

"आखातात मी कधी गेलो? सिंगापूरला होतो. गोदीत, स्टोअरकीपर. तिकडं आपल्यासारखंच, स्टीअरिंग उजवीकडं."

मी बॉनेट उघडून विजेरी मारली. स्टीअरिंग आधी डावीकडं असतं तर तिथं त्याच्या दांड्याचं बुजवलेलं भोक दिसायला हवं. भोक नव्हतं. आरसा घालून पुन्हा बघितलं. नव्हतंच.

"मग या सीटवर कोण बसायचं?" मी जरा चिडूनच विचारलं.

अंकल हसले नाहीत. "मोनिका," ते म्हणाले. "परत आलो तेव्हा हिला म्हटलं, या गाडीतून तुला पार तामिळनाडूत, वेलंकनीला माउलीच्या दर्शनाला नेतो. वर्ष झालं नाही तोवर साखरेच्या आजारानं माझे डोळे घेतले. आता तुम्ही मला धुरात उभे असल्यासारखे दिसता. पोरं कॅनडाला. हिनं शेजारपाजारच्या कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी जपमाळ इथं बसून म्हणते. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी वाकून चावी फिरवतो, इंजिन ऐकतो आणि बंद करतो."

"आणि ड्रायव्हरच्या जागेवर?"

"दिसत नाही त्यानं तिथं कशाला बसायचं?"

आंटी आतून पदराला हात पुसत आल्या होत्या. आता मुलाकडं जायचं ठरलंय म्हणून विकतोय, असं त्यांनी सांगितलं. मला लाज वाटली. पण मी संशय सोडला असं कुणी समजू नये. बसून राहिलेली गाडी धावलेल्या गाडीपेक्षा वाईट असू शकते, आणि चालवल्याशिवाय कळत नाही. "एक फेरी मारू," मी म्हणालो आणि डावं दार उघडलं.

"तुम्ही नाही," आंटी म्हणाल्या. "ती माझी जागा. एवढी वर्षं बसलेय, पहिली फेरी मी जाणार." मागची सीट नावापुरती होती, तिथं माझे पाय मावले नसते. आंटींनी पदर खोचला आणि खळग्यात बरोबर बसल्या. आरशाला टांगलेली जपमाळ हलली. गाडी गल्लीतून निघाली, चर्चच्या कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

कळंबला गार्गी माझ्या नजरेसमोर फेरी मारून आली होती, इथं ती नजरेआड झाली होती. अंकल पायरीवर बसले. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. पुन्हा गेलो. फेरी पाच मिनिटांत व्हायला हवी होती. सुकेळीची बशी संपली तरी पत्ता नव्हता. लांबून हॉर्न ऐकू आला की मी उभा राहायचो.

"एक विचारू?" अंकल म्हणाले. "तुम्ही आल्यापासून पत्रा ठोकला, चटई घालून खाली झोपलात, मला खोटं पाडून झालं. पण मुलीला एकदाही विचारलं नाहीत, गाडी आवडली का म्हणून."

मी त्यांच्याशेजारी बसलो. रोज काय बघतो ते त्यांना सांगितलं. सीटपर्यंत आलेलं स्टीअरिंग सांगितलं. घरी बायकोलाही मी ते कधी सांगत नाही.

"मग तिला सरळ नको म्हणा," ते म्हणाले.

"ते जमत नाही. तिचा चेहरा बघवत नाही."

"म्हणून गाडीला नको म्हणताय होय!"

एवढ्यात करडी गाडी कोपऱ्यावर आली, इतकी हळू की पुढं चालणारं कुत्रंसुद्धा बाजूला झालं नाही. आंटींच्या मांडीवर वांगी, मुळा आणि मेथीची जुडी होती. त्या होळीला जाऊन आल्या होत्या. (होळी हे शेजारचं भाजीमळ्यांचं गाव, शिमग्याशी संबंध नाही.) मळ्यावाल्यांना दाखवायलाच गाडी नेली असावी.

"कसली शर्यत खेळते ही?" आंटी उतरता उतरता म्हणाल्या. "आमचा पाववाला सायकलवर हिच्यापेक्षा जोरात जातो!"

गार्गी उतरली. तिचे कान लाल नव्हते. ती सरळ माझ्यासमोर आली. "बाबा, ब्रेक दाबला की डावीकडं ओढते. पुढचा एक ब्रेक अडकून बसतोय. टायर बसून बसून चपटे झालेत, रबर दगड झालंय. नळ्यांना बोटानं दाबलं तर भेगा दिसतात. म्हणून चाळीसच्या वर नेली नाही. अशी ट्रॅकवर न्यायची नाहीच, कोल्हापूरपर्यंतसुद्धा चालवत न्यायची नाही." मग जरा थांबून म्हणाली, "खोट निघाली. करार म्हणजे करार."

हे सगळं तिनं सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं, कारण गाडीत मी नव्हतो. ती हसत येऊन "मख्खन आहे" म्हणाली असती तर करड्या गाडीत खोट काढायला माझ्याकडं एका झिजलेल्या सीटशिवाय काही नव्हतं. तिला ती गाडी किती हवी होती हे अंकलनी चादर ओढली तेव्हाच मी ऐकलं होतं. आणि तिनं स्वतःच्या हातानं माझ्या ओंजळीत नकार आणून ठेवला. एवढी वर्षं मला वाटत होतं की वेगात गेल्यावर या पोरीला काही दिसत नाही. तिला माझ्याहून जास्त दिसत होतं. मी खाली बघून सतरंजीची घडी घालू लागलो.

"गाडी आवडली का तुला?" मी विचारलं.

गार्गीनं माझ्याकडं आणि मग अंकलकडं संशयानं बघितलं. "आवडली. पण खोट..."

"ही खोट नाही," मी म्हणालो. "हे काम आहे. खोट कळंबला बघितली आपण."

ती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली आणि तिचे कान हळूहळू लाल होत गेले. आंटींनी आतून आणखी सुकेळी आणून पिशवीत कोंबली. निघताना मी अंकलचा हात हातात घेतला तेव्हा त्यांनी काळा चष्मा काढला होता.

परतीच्या वाटेवर फियाट मी चालवली. गार्गी शेजारी झोपली. खाडीच्या पुलावर संध्याकाळचं ऊन पाण्यावर पसरलं होतं, आणि मला आठवलं की आम्ही किल्ला बघितलाच नाही.

गाडी मागाहून ट्रकवर चढून कोल्हापूरला आली. गार्गीनं सुट्टीचे दिवस आणि रोजची संध्याकाळ घालवून तिचे ब्रेक, नळ्या, टायर सगळं बदललं. ड्रायव्हरच्या सीटचं प्लास्टिक फाडलं. डाव्या सीटला मात्र हात लावला नाही; ट्रॅकच्या वेळी काढेन म्हणाली. आरशाची जपमाळ आंटींनी गाडीतच राहू दिली होती. वेगात काही लटकतं राहू नये म्हणून तिनं ती काढून जपून कप्प्यात ठेवली. मग मला हाक मारली. "तपासा."

मी सतरंजी अंथरून खाली शिरलो. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती. नट आवळून, हातानं हलवून बघितला की मी अशीच रेघ मारतो. तिला ती मी शिकवली नव्हती. एकही नट सुटला नव्हता. मी सवयीनं शेवटच्या नटाला पाना लावला, आणि न फिरवताच काढून घेतला.

वसईला काय काय बघितलंत असं आमच्याकडं अजून लोक विचारतात. किल्ला नाही बघितला म्हटलं की हसतात. मी त्यांना सुकेळीची चव सांगतो, कळंबची वाळू सांगतो. त्या दिवशी गाडीखालून निघून कपडे झटकले आणि डावं दार उघडलं, ते सांगत नाही. सीटचा खळगा मला थोडा मोठा होत होता. मी पट्टा लावला. गार्गीनं चावी फिरवली आणि माझ्याकडं बघितलं.

"चाळीसच्या वर नेली तरी चालेल," मी म्हणालो.